ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत आणि स्पॉन्सरशिप

प्रश्न : ब्रिटनमधील विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन मी दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर स्पॉन्सरशिपविना काम करू देणारा व्हिसा) आहे. त्यातले दहा महिने संपले. नोकरीच्या अर्जात ‘स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी मालकाचे पाठबळ) लागेल का?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर दिले की पुढे कळवतच नाहीत. एक एजंट पैसे घेऊन स्पॉन्सरशिप मिळवून देतो म्हणतो. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : त्या एजंटाला एक पौंडही देऊ नका. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसासाठी, मालकाने भरायचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा सरकारी आकार कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास बंदी आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून मालकाने द्यायच्या स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राचा खर्चही कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. शिवाय प्रत्यक्षात नसलेल्या नोकरीचे प्रमाणपत्र उघडकीस आले, तर व्हिसा तुमचा जातो, एजंटाचा नव्हे.

आता अर्जातील प्रश्नाकडे वळू. उत्तर खरेच द्यावे, पण नुसते ‘होय’ लिहून थांबू नये. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वर्षाला किमान ४१,७०० पौंड वेतन लागते, हा आकडा पाहूनच अनेक लहान कंपन्या मागे सरतात. ग्रॅज्युएट व्हिसावरून येणारा उमेदवार मात्र ‘न्यू एन्ट्रंट’ (नोकरीत नव्याने येणारा) या सवलतीत बसतो आणि त्याच्यासाठी ही मर्यादा ३३,४०० पौंड, किंवा त्या व्यवसायासाठी सरकारने ठरवलेल्या वेतनदराच्या सत्तर टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, इतकी खाली येते. आपल्याला अमुक तारखेपर्यंत स्पॉन्सरशिपविना काम करता येते आणि नंतर ही सवलत लागू होते, एवढे दोन वाक्यांत अर्जासोबतच्या पत्रात लिहा. ही तरतूद भरती करणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि त्यापायी चांगले उमेदवार डावलले जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही सवलत एकूण चार वर्षांचीच असते आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ त्यातूनच वजा होतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन वर्षे पूर्ण वापरून मग स्पॉन्सर शोधणाऱ्याच्या हाती सवलतीची दोनच वर्षे उरतात. त्यानंतर पूर्ण वेतनमर्यादा गाठावी लागते. ग्रॅज्युएट व्हिसा वाढवूनही मिळत नाही. म्हणून उरलेले चौदा महिने ‘आधी अनुभव घेऊ, मग पाहू’ असे म्हणत घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवानाधारक स्पॉन्सरांची यादी ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करते. अर्ज करण्यापूर्वी कंपनीचे नाव त्यात पाहा. नाव नसले तरी आशा सोडू नका, कारण कंपनीला परवाना नव्याने काढता येतो आणि त्याचा निर्णय साधारणपणे आठ आठवड्यांत होतो. अशा कंपनीकडून होकार आला, तर व्हिसाच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजत ते आठवडे आधीच राखून ठेवा. नवा अर्ज जुना व्हिसा संपण्यापूर्वी दाखल झालेला असावा लागतो.