पहिल्याच टेस्टला ११ मार्क पडले, आता विषय बदलू का?

प्रश्न: मी पहिल्या वर्षाला आहे. शाळेत मॅथ्स चांगलं होतं, पण कॉलेजच्या पहिल्या टेस्टला ४० पैकी ११ पडले. नोट्स तीनदा वाचून गेलो होतो. ट्युटरिंग सेंटर आहे पण तिथे ढ मुलंच जातात असं सगळे म्हणतात, आणि सरांकडे जायची भीती वाटते. रिपोर्टवरही 'मुद्दा स्पष्ट नाही' एवढाच शेरा मिळाला. मुख्य विषयच बदलू का?

उत्तर: अरे थांब जरा, एका टेस्टवरून विषय नको बदलूस. आधी कॉलेजमध्ये जी मदत तुझ्या फीमध्येच धरलेली असते ती वापरून बघ, मग बोलू.

ते 'ढ मुलं' प्रकरण आधी मिटवू. १९७३ मध्ये अमेरिकेत मिसुरी युनिव्हर्सिटीच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत सुरू झाली, आज ती बऱ्याच देशांत चालते. त्यात कच्ची मुलं शोधतच नाहीत, अवघड विषय शोधतात. म्हणजे ज्या कोर्सला भरपूर मुलं नापास होतात किंवा मधेच सोडून जातात त्याला जादा सेशन जोडायचे, ज्याने तो कोर्स आधी चांगल्या मार्कांनी केलाय असा सिनियर ते घेणार आणि वर्गातल्या कुणीही यायचं, ९० वाल्यानेसुद्धा. तुझ्याकडे हे याच नावाने असेल असं नाही, पीअर ट्युटरिंग, मॅथ्स हेल्प सेंटर असलं काहीतरी म्हणत असतील, डिपार्टमेंटच्या ऑफिसात विचार. आणि जाऊन नुसतं ऐकत बसू नकोस, तिथे गणित तू सोडवायचंस. तीनदा नोट्स वाचल्या म्हणतोस ना, तिथेच गडबड आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याच्यावर प्रयोग छापला होता, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. तो प्रयोग उताऱ्यांवर होता, गणितावर नाही, पण वाचताना 'येतंय येतंय' वाटतं आणि पेपरात हात थांबतो हा अनुभव तुलाही आलाच असणार.

आता सरांची भीती. ऑफिस अवर्स ही त्यांच्या टाइमटेबलमध्ये विद्यार्थ्यांसाठीच ठेवलेली वेळ असते, त्यामुळे 'सरांना त्रास कशाला' हा विचार सोड. फक्त 'सर मला काहीच समजत नाही' असं म्हणत जाऊ नकोस, त्यावर ते तरी काय सांगणार, अख्खा चॅप्टर परत शिकवू शकत नाहीत ना. तो ११ मार्कांचा पेपर घेऊन जा, एक गणित निवड, जिथपर्यंत आलं तिथपर्यंत लिहिलेलं दाखव आणि विचार, 'इथपर्यंत आलो, पुढची स्टेप अशी का?' दहा मिनिटं पुरतात. एकट्याने जायला नको वाटत असेल तर मित्राला घेऊन जा, चालतं. सगळेच सर प्रेमाने बोलतील याची गॅरंटी मी देत नाही, एखादे तुटक बोलतातही, तेव्हा टीए, म्हणजे सरांना शिकवण्यात मदत करणारा टीचिंग असिस्टंट असेल तर त्याच्याकडे जा.

रिपोर्टसाठी रायटिंग सेंटर, म्हणजे लिखाणात मदत करणारं कॉलेजचं केंद्र आहे का बघ. बहुतेक मुलं डेडलाइनच्या आदल्या रात्री 'ग्रामर तपासून द्या' म्हणून जातात आणि नाराज होऊन येतात, कारण ते लोक लिहून किंवा दुरुस्त करून देत नाहीत, तुला काय म्हणायचंय ते प्रश्न विचारून विचारून काढून घेतात. तुला नेमकं तेच हवंय. कच्चा ड्राफ्ट झाला की जा, सोबत असाइनमेंटचा कागद आणि तो शेरा ने. लायब्ररीत ग्रंथपालांना विषय सांगितलास तर कुठल्या डेटाबेसमध्ये काय शोधायचं ते दाखवतात, जे पेपर बाहेर पैसे मागतात ते कॉलेजच्या लॉगिनने बऱ्याचदा फुकट उघडतात, आणि नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवायची सोयही पुष्कळ ठिकाणी असते.

अजून एक विचारतो, राग मानू नकोस. वाचायला पहिल्यापासून खूप वेळ लागतो का, की लक्षच टिकत नाही? तसं असेल तर डिसॅबिलिटी ऑफिसला भेट. डिस्लेक्सिया (वाचण्यातली अडचण) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) असेल तर परीक्षेत जादा वेळ, वेगळी खोली मिळू शकते, पण कागदपत्रांना वेळ लागतो आणि झालेल्या पेपरला ते सहसा लागू होत नाही. झोप उडालीये, कॉलेजला जावंसंच वाटत नाहीये असं असेल तर समुपदेशकाकडे आधी जा, मॅथ्स नंतर.

विषय बदलायचं पुढच्या टेस्टनंतर बघू, तोवर सेशन आणि ऑफिस अवर्स दोन्ही चालू ठेव. पण ॲकॅडमिक ॲडव्हायझरला, म्हणजे कोर्स निवडण्याबद्दल सल्ला देणाऱ्यांना, याच आठवड्यात भेट आणि कोर्स सोडायची शेवटची तारीख कुठली, सोडला तर मार्कशीटवर काय दिसतं आणि स्कॉलरशिप असेल तर तिच्यावर काय परिणाम होतो, हे तिन्ही विचारून लिहून ठेव.