५० हजारांच्या फरकातले हातात किती?

प्रश्न : जुनी हॅचबॅक २ लाख १० हजारांना घ्यायची, धुऊन-पुसून २ लाख ६० हजारांना विकायची, असा विचार आहे. नोकरी सांभाळून रविवारी जमेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जमेल, पण ५० हजार हा नफा नव्हे. अंदाजे हिशेब मांडू. चार टायर १४ हजार, बॅटरी साडेचार, ऑइल-फिल्टर सर्व्हिसिंग साडेतीन. २२ हजार इथेच गेले. कागदपत्रं आणि फेऱ्यांचं पेट्रोल ३ हजार. गिऱ्हाईक घासाघीस करून १० हजार उतरवेल. उरले १५ हजार. आता तास मोजा : घेण्याजोगी एक गाडी सापडेपर्यंत सहा पाहण्यात १८, गॅरेजच्या फेऱ्यांत १०, साफसफाईत ८, कागदांत ६, गाडी दाखवण्यात ८. ५० तासांचे १५ हजार, म्हणजे तासाला ३०० रुपये. क्लच प्लेट बदलायची निघाली तर तेही नाहीत.

गोव्यात सगळ्यात जास्त बुडवतो तो गंज. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीला खारा वारा लागतो, त्यात पावसाळा. दाराखालची पाणी निघायची भोकं चिखलानं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून फक्त रंगाचे फुगे दिसतात. त्यावर पुटी-रंग चढवला तर गंज तसाच राहतो आणि पुढच्या पावसात फुगे परत येतात. म्हणून गाडी लिफ्टवर घ्या, दाराखालची पट्टी आणि सस्पेन्शनच्या जोडण्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर ती गाडी सोडून द्या. कार्पेट उचलून खालचा नमदा ओला आहे का, तेही बघा. ही तपासणी जुलैत उत्तम होते, गळती लपत नाही. रंगकाम मात्र तेव्हा नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, विकायची असेल तर रंगकाम पावसाआधी, मेमध्येच उरकलेलं हवं.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (नोंदणीतून कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. वाहतूक दंडाची थकलेली चलनं आधी तपासा.

फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी परस्पर पुढे विकू नका. अपघात झाला तर भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकाच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आणि हा धंदा म्हणून नियमित करणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. पहिली गाडी घेण्याआधीच आरटीओत जाऊन त्याची चौकशी करा.