पहिल्या उत्स्फूर्त क्विल्ट कार्यशाळेची तयारी

उत्स्फूर्त क्विल्ट म्हणजे आधी नमुना न आखता, कापडाचे तुकडे सुचतील तसे जोडत केलेली गोधडी. तिच्यासाठी सुती कापडच घ्या आणि ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून न्या. गडद लाल कापडाचा रंग जोडकामानंतर पांढऱ्या तुकड्यावर उतरला, तर जीव हळहळतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे घरूनच एका मापाचे चौकोन कापून आणणे, कारण मग उत्स्फूर्त रचनेला वावच उरत नाही. अर्ध्या मीटरचे आठ-दहा अखंड तुकडे पुरेत. मात्र त्यांत फिकट आणि गडद छटा ठळकपणे वेगळ्या हव्यात. ते शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा आणि सगळेच सारखे करडे दिसले, तर दोन-तीन बदला.

रोटरी कटरला (कापड कापायच्या गोल, फिरत्या पात्याच्या कटरला) नवे पाते आणि मशीनला नवी सुई लावा. कापडाच्या कडेपासून पाव इंचावरची शिलाई चिंधीवर घालून पाहा. क्विल्टच्या वरच्या-खालच्या कापडांमधल्या थराचा आणि टाक्यांच्या नक्षीचा विचार आताच नको.