काराबाखमध्ये रडार आंधळी कशी झाली?

प्रश्न: आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादग्रस्त काराबाख प्रदेशासाठी झालेल्या २०२० च्या युद्धात आर्मेनियाची हवाई संरक्षण यंत्रणा अझरबैजानी ड्रोनपुढे का टिकली नाही?

उत्तर: अझरबैजानने जुनी आन-२ विमानं वैमानिकाविना आघाडीवर सोडली. त्यांना टिपायला आर्मेनियाच्या तोफा-क्षेपणास्त्रं सरसावली, की त्यांची जागा उघडी पडायची. मग इस्रायली हारोप, म्हणजे लक्ष्यावर स्वतःच आदळून फुटणारं ड्रोन, थेट त्यांच्यावर कोसळायचं. आर्मेनियाकडच्या सोव्हिएत बनावटीच्या ओसा या विमानविरोधी यंत्रणेची क्षेपणास्त्रं साधारण ५ किलोमीटर उंचीपर्यंतच पोचतात. तुर्की बायरक्तार टीबी-२ ड्रोन त्याहून वर घिरट्या घालत, लेझरने नेम धरून सुमारे २२ किलोचे बॉम्ब टाकायचं. काराबाखमधलं शुशा शहर मात्र अझरबैजानच्या पायदळानेच घेतलं. ड्रोन हल्ल्यांच्या व्हिडिओंवर भाळलेले लोक ही गोष्ट विसरतात. आणि रशिया? काराबाख आर्मेनियासोबतच्या त्याच्या संरक्षण कराराच्या हद्दीबाहेर म्हणून तो लांब राहिला. १० नोव्हेंबरच्या युद्धबंदीबरोबर जवळपास २,००० शांतिसैनिक घेऊन आत शिरला.