डोस दिला नाही, म्हणजे उपचार अर्धवट राहिले का?

थायरॉइडच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेले रुग्ण मला वारंवार विचारतात, ‘त्यांना आयोडीनचा डोस दिला, मग आम्हाला का नाही?’ हा डोस म्हणजे ऑपरेशननंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन. तासगाव तालुक्यातील तिशीतल्या एका रुग्ण ताईंनी सांगलीत हेच विचारले, आणि त्यामागची खरी शंका सासूबाईंनी बोलून दाखवली: “योजनेतून ऑपरेशन झालं म्हणून पुढचं टाळताय का?”

ही शंका मला अवाजवी वाटली नाही. सरकारी योजनांच्या रांगांत उभे राहिलेल्यांना ती येणारच. काळजी वाटली ती घरात सुरू झालेल्या तयारीची. गावातल्या एका नातलग बाईंना डोसाआधी आयोडीन नसलेले मीठ वापरायला सांगितले होते, म्हणून इथेही सैंधव आले होते. आणि डोसापूर्वी अंगावरचे दूध काही आठवडे आधी थांबवावे लागते हे ऐकून ताईंनी सात महिन्यांच्या मुलीला वरचे दूध सुरू केले होते.

आम्ही बायोप्सीचा रिपोर्ट ओळीने वाचला. गाठ पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडच्या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारची, १.४ सेंटिमीटरची, ग्रंथीच्या आतच राहिलेली. मानेतल्या लसिकाग्रंथींत काही नाही. ऑपरेशननंतरचे थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी तयार करतात ते रक्तातले प्रथिन, अत्यल्प, आणि त्या तपासणीला फसवणाऱ्या अँटिबॉडीही नाहीत. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात म्हणून किरणोत्सारी आयोडीन-१३१ त्यांच्यापर्यंत पोहोचून त्यांना नष्ट करते. पण नष्ट करण्याजोगे फारसे उरलेलेच नसेल, तर फायदाही तेवढाच. फ्रान्समध्ये अशाच कमी धोक्याच्या ७०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना ३० मिलिक्युरी (किरणोत्साराचे एकक) डोस दिला आणि निम्म्यांना दिला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत सुमारे ९६ टक्के रुग्णांत काहीही उद्भवलेले नव्हते. नातलग बाईंचा आजार मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरला होता, त्यामुळे त्यांचा निर्णय वेगळा होता. खर्च स्वतः करणाऱ्या रुग्णाचा रिपोर्ट असा असता तरी डॉक्टरांनी हेच सांगितले असते, हे मी सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवले.

“मग निदान स्कॅन तरी करा,” असे यजमान म्हणाले. आवाजाच्या नसेजवळ आणि पॅराथायरॉइडजवळ (कॅल्शियमचे प्रमाण सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) सर्जन बहुधा थोडी निरोगी ग्रंथी शिल्लक ठेवतात. ती आयोडीन घेते आणि स्कॅनमध्ये मानेत ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला कर्करोग समजून हादरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. शिवाय आयोडीन-१३१ च्या स्कॅनसाठीही अंगावरचे दूध थांबवावेच लागले असते.

ताईंनी विचारले, “पुढे लागलाच तर?” तो मार्ग बंद होत नाही. थायरोग्लोब्युलिन वाढत गेले किंवा मानेच्या सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली, तर पुन्हा ऑपरेशन की डोस, हे तेव्हा ठरवता येते. तोवर सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी आणि ठरलेल्या तपासण्या एवढेच त्यांच्या कागदावर लिहिले, आणि मुलीला अंगावर पाजायला हरकत नाही हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घेतले.