लहानपणी खेळलेला कुठला व्हिडिओ गेम तुमच्या मनात कायमचा राहिला?

मारिओ. उत्तर इथंच संपलं असतं. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, "मुलगा अकरा वर्षांचा आहे, गेम मागतोय, घेऊन दिला तर वाया जाईल का, आणि घ्यायचा तर कुठला?" ते 'वाया जाईल' वाचलं आणि राहवेना. हेच दोन शब्द १९९८ साली आमच्या घरात, सोलापुरात, माझ्या मामांनी उच्चारले होते. त्यांचा हिशोब अजून बाकी आहे.

आमच्याकडं गेम आला १९९६ च्या दिवाळीत. अप्पा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. बोनस झाला, आईला मिक्सर पाहिजे होता, आणि आला गेम. (मिक्सर पुढच्या दिवाळीला आला. आई अजून काढते.) नवी पेठेतनं आणलेला तो डबा म्हणजे जपानी मशीनची नक्कल, पण आम्हाला कुठं ठाऊक. सोबत पिवळी कॅसेट, वर छापलेलं '९९९९९९ इन १', आत मोजून सात-आठ गेम, तेच नावं बदलून परत परत. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. फुंकरीनं काही होत नाही, उलट तोंडाच्या ओलीनं आतल्या पट्ट्या गंजतात. काढून परत बसवल्यानं ती चालायची. हे मला फार उशिरा कळलं, तोवर भरपूर थुंकी खर्च झाली होती.

टीव्ही होता सरकत्या शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मारिओ कसा खेळतात ते सांगत बसत नाही. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, एकूण बत्तीस, आणि मध्ये कुठंही सेव्ह करायची सोय नाही. लाइट गेली की पहिल्यापासून. आमच्या गल्लीत लाइट किती जायची हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुणालाही विचारा. आजूबाजूच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट एकदम थांबला की टीव्हीकडं बघायचीही गरज नसायची, मारिओ मेला. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्यात, छतावरून पळत जाऊन थेट चौथ्या दुनियेत जाता येतं, हे समोरच्या घरातल्या पोरानं सांगितलं, तेही "कुणाला सांगू नको बे" अशी शपथ घालून. त्या वाटेनं मी आठव्या दुनियेपर्यंत पोचलो होतो. ८-४ मध्ये चुकीच्या नळाला गेलं की फिरून तिथंच. तिथं अडकलो.

आता मूळ गोष्ट. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस होता. अप्पा जेवून हात पुसत माझ्या मागं येऊन उभे राहिले. एरवी ते गेमकडं बघायचे पण नाहीत. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, "थांबव जरा." स्टार्ट दाबला. ते पुढं आले, चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक लागेल इतकं वाकले.

"वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच आहे की रे. नक्षी तीच, रंग तेवढा बदललाय."

मी दीड वर्ष तो गेम खेळत होतो. मला दिसलं नव्हतं.

आज हे नेटवर मोठं रहस्य म्हणून फिरतं. खरंच आहे ते: १९८५ चा हा गेम अख्खा चाळीस केबीत (किलोबाइटमध्ये) बसवलाय. तुमच्या ग्रुपवर सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत बत्तीस टप्पे कोंबायचे तर ढगाचंच झुडूप करावं लागणार. अप्पांना केबी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्यांचं आयुष्य यातच गेलेलं. ग्राफ पेपरवर घर न् घर भरून मोर काढायचा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात, जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढतात. भोक असेल तिथं ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. कार्डं जितकी जास्त तितका खर्च. म्हणून नक्षी एकदाच काढायची, आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) रंग बदलून त्याच कार्डांवर चार तऱ्हेच्या चादरी काढायच्या. "कुणीतरी आमच्यातलाच माणूस आहे हा," असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून त्याहून मोठं कौतुक मी कुणाचंच ऐकलेलं नाही.

मग ते खालीच बसले. समोरून डुलत येणारी ती मशरूमसारखी भुतं दाखवून म्हणाले, "हे चालत नाहीये. एकच चित्र डावं-उजवं पालटतंय." हेही खरं निघालं. मग ग्राफ पेपर काढला आणि मारिओची घरं मोजली. सोळा उंच, बारा रुंद. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा जुळलं. छटा तीनच. तोंड काढलेलंच नाही, नुसती मिशी. केस नाहीत, टोपी. पुढं कितीतरी वर्षांनी मारिओ ज्यांनी बनवला त्या मियामोतोंनी स्वतः सांगितलेलं वाचलं, की इतक्या थोड्या घरांत केस आणि तोंड नीट काढता येत नाहीत म्हणून टोपी आणि मिशी. ते वाचताना मी कार्यालयात होतो. कुणाला सांगणार?

आता रंग कुठले? टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, कॅसेटवर चित्र भलत्याच गेमचं. अप्पांनी त्यांच्या हिशोबानं भरले, बाटली हिरवा आणि मरून, कारण त्या वर्षी चादरीत तेच चालत होते. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नंतर शेजारी रंगीत टीव्ही आला तेव्हा मारिओ लाल निघाला. मला तो अजिबात आवडला नाही. (हिरव्या कपड्यांचा त्याचा एक भाऊ आहे म्हणे. असू दे.) माझ्या डोक्यात मारिओ अजून बाटली हिरवाच आहे. तुम्ही विचारलेलं 'कायमचं राहिलेलं' ते हे.

आणि मग मामा. माझी दहावी सुरू झाली, १९९८ चा जून. मामा बार्शीहून आले, मला टीव्हीसमोर बघितलं, आणि अप्पांना म्हणाले, "दाजी, पोरगं वाया जाईल. वर्षभर मी घेऊन जातो." अप्पा काही बोलले नाहीत. मामांनी डबा, दोन्ही रिमोट आणि अडॅप्टर पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेले. कॅसेट माझ्या दप्तरात होती, ती राहिली. म्हणजे मशीन बार्शीत, कॅसेट सोलापुरात, दोघंही बेकार. दिवाळीत बार्शीला गेलो तर काय बघतो, मामांनी दुसरी कॅसेट आणलेली आणि मामेभाऊ बसून खेळतोय. तो सहावीत होता. त्याचं बहुधा वाया जायचं वय नव्हतं.

मला दहावीला ५८ टक्के पडले. मामा आजही कुठल्याही लग्नात, पंगतीत, चार माणसांत सांगतात, "गेमपायी ५८ वर आला." अहो मामा, गेम तर तुमच्याकडं होता! हे साधं गणित सत्तावीस वर्षांत कुणाला सुचलं नाही. ज्यांना ज्यांना असं वाटतं की पोरं गेममुळं बिघडतात, त्यांनी आधी बघावं की गेम नक्की कुणाच्या घरात आहे.

बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या वर्षी मी क्लास बुडवून कन्ना चौकाजवळच्या एका गल्लीत 'मुस्तफा' खेळायला जायचो. रुपयाला एक डाव. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा, हे आता माहीत झालंय. तेव्हा सगळं सोलापूर त्याला मुस्तफाच म्हणायचं. तेव्हा ५८ मध्ये मुस्तफाचा थोडा हात आहे. मारिओचा नाही. हा फरक मामांना कधी सांगितला नाही, कारण मग क्लासचंही सांगावं लागलं असतं.

आणखी एक, हेही सांगायला हवं. त्या जूनमध्ये अप्पांचा कारखाना दोन महिने बंद होता. मामा आले ते ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. अप्पा का बोलले नाहीत हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी बरेच दिवस त्यांच्यावर रुसून होतो.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर घेऊन द्या. कुठला, ते मला विचारू नका, माझं ज्ञान ८-४ ला थांबलंय. मोबाइलवरचे ते कपडे-बंदुका विकत घ्यायला लावणारे गेम मात्र नकोत, तिथं पोराच्या आधी तुमचं खातं रिकामं होईल. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या कायद्यानं बंदच केलेत, त्यामुळं तो विषयच नाही. अभ्यासाचं वर्ष आलं तर मशीन तुम्हीच कपाटात ठेवा, नातेवाइकांकडं देऊ नका.

मामा हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा इथं असतो, मला माहीत आहे. अरे, डबा राहू दे तुझ्याकडं. पिवळी कॅसेट अजून माझ्याजवळ आहे, ग्राफ पण आहे. अडॅप्टर तेवढा पाठवून दे बे, दुसऱ्या मशीनला लावून बघतो.