पुण्यातला फ्लॅट आणि इंग्लंडमधलं घर: टोकन, वकील, स्टॅम्प ड्यूटी

तू विचारलंस की मार्चमध्ये इंग्लंडातल्या रीडिंग शहरात राहायला येतोय, बायको आणि लेक सोबत, तर भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा लगेच घर घेऊन टाकू का, मग वकील कधी गाठायचा, टोकन किती द्यायचं, स्टॅम्प ड्यूटी किती, सगळं एका दमात. मी इथे अकरा वर्षं आहे आणि यातून दोनदा गेलेय, एकदा हात पोळून, म्हणून जमेल तेवढं सांगते. मी वकील नाही. आणि हे सगळं इंग्लंडचं हं, स्कॉटलंडची खरेदीची पद्धत आणि टॅक्स दोन्ही वेगळे, वेल्सचाही टॅक्स वेगळा.

आधी मीच तुला एक विचारते. पुण्यातला फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? कारण तुझा अर्धा हिशोब तिथेच ठरतो आणि हे आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही. पहिलं घर घेणाऱ्याला इथे ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी शून्य आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंतच्या रकमेवर ५ टक्के, पण 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेच याआधी घर मालकीचं नव्हतं असं. पुण्यातला वन बीएचके धरतात, विकून टाकलेला असला तरी धरतात, वारसाहक्काने आलेलाही धरतात. दोघांच्या नावावर घेणार असाल तर दोघंही कोरे पाहिजेत, एकाच्या नावावर कधीतरी घर होतं की सवलत दोघांची गेली.

आमचं नेमकं हेच झालं. २०१९ ला ४ लाखांचं घर ठरलं, आम्ही ५ हजार ड्यूटी धरून बसलेलो, आणि वकिलाच्या फॉर्मवर प्रश्न आला की जगात कुठे काही घर नावावर आहे का. सासरे गेल्यावर वाईजवळच्या गावठाणातल्या घराला यांचं आणि दोन्ही दिरांचं नाव लागलेलं, आम्ही तिथे वर्षातून चार दिवससुद्धा राहत नाही, पण झालं, सवलत गेली, ५ चे १० हजार झाले. (सातबाऱ्यावरची नुसती शेती यात येत नाही, प्रश्न राहत्या घराचा असतो.)

तुझं प्रकरण याहून जड आहे. खरेदीच्या दिवशी तुझ्याकडे दुसरं घर असेल, भारतातलं का असेना, आणि तुझ्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा लागतात. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापर्यंत हे ३ टक्के होते. बायकोच्या नावावर फ्लॅट आणि माझ्या नावावर इथलं घर, ही युक्ती चालत नाही, नवरा-बायकोला यात एकच धरतात. शिवाय खरेदीच्या आधीच्या वर्षभरात १८३ दिवस इथे राहिलेला नसशील तर अजून २ टक्के. म्हणजे बघ, ४ लाखांच्या घराला साधी ड्यूटी १० हजार, पुण्याचा फ्लॅट ठेवून घेतलास तर ३० हजार, आणि आल्या आल्या घेतलंस तर ३८ हजार! यातले २ टक्के पुढे इथे दिवस भरले की परत मागता येतात. आणि फ्लॅट तुमचं स्वतःचं राहतं घर होतं आणि इथलं घर घेतल्यापासून तीन वर्षांत विकला तर ते ५ टक्केही मागता येतात, पण तोवर पैसे खिशातून जातात आणि त्यावर लोन मिळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पहिलं वर्ष निमूट भाड्याने राहा, फ्लॅटचं काय करायचं ते ठरव, मग घरं बघायला लाग.

आता टोकन. टोकन नाही. विसार नाही, बयाणा नाही, काही नाही. तू ऑफर दिलीस, त्यांनी हो म्हटलं, एजंटने फोनवर अभिनंदन केलं, तरी कायद्याने कोणीच बांधलेलं नसतं. काँट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्हीकडचे सही केलेले करार पक्के होईपर्यंत, विकणारा दुसऱ्याची जास्तीची ऑफर घेऊ शकतो आणि तूही उठून जाऊ शकतोस. आमचं पहिलं घर असंच गेलं, दोन महिने झाले होते, सर्व्हे (घराची तपासणी) झाला, सर्च (घराबद्दलच्या नोंदींची चौकशी) झाले, साधारण चौदाशे पौंड गेले आणि एका सकाळी एजंटचा मेल, सॉरी. मी एवढी चिडले होते की आईला फोन करून म्हटलं परत येतो आम्ही. म्हणून ऑफर मंजूर झाली की पहिलं वाक्य हे म्हण, जाहिरात उतरवा आणि दुसऱ्यांना दाखवणं बंद करा. त्यांच्यावर बंधन नसतं पण बहुतेक ऐकतात. आणि एजंटला पैसे विकणारा देतो, त्यामुळे तो कितीही गोड बोलला तरी तुझा माणूस नाही.

तुझा माणूस म्हणजे सॉलिसिटर (वकील) किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरखरेदीचं कायदेशीर काम करणारा परवानाधारक). ऑफर द्यायच्या आधीच दोन-तीन जणांकडून फीची कोटेशनं घेऊन ठेव. सगळ्यात स्वस्त ऑनलाइनवाला घेऊ नकोस, आम्ही घेतला होता, तीन महिन्यांत फाईल बघणारी माणसं चार बदलली आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा. तो करतो काय तर लँड रजिस्ट्रीचा टायटल उतारा बघतो, कौन्सिलचा, पाणी-ड्रेनेजचा, पर्यावरणाचा सर्च काढतो, आणि विकणाऱ्याने भरलेले फॉर्म वाचून उलट प्रश्न पाठवतो. त्यातला एक फॉर्म घरातल्या वस्तूंचा, त्यात पडद्यांच्या दांड्यांपासून सगळं टिक करायचं असतं, तो जेवण सोडून वाच. पण भिंतीत ओल आहे का हे वकील सांगत नाही, बँकेचं व्हॅल्युएशन तर बँकेसाठी असतं, त्यामुळे सर्व्हे स्वतःचा वेगळा. जुनं घर असेल तर लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे.

फ्लॅट घेणार असशील तर इथे तो बहुतेक लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, आपल्या सोसायटीसारखं डोक्यात धरू नकोस. लीजची किती वर्षं उरलीत ते पहिलं विचार, ८० च्या खाली गेली की वाढवून घेणं महाग पडतं. सर्व्हिस चार्जची मागची तीन वर्षांची बिलं माग. ग्राउंड रेंट (जागेच्या मूळ मालकाला द्यायचं भाडं) ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर शून्य असतो, जुन्यावर असतो. आणि उंच इमारत असेल तर क्लॅडिंगचे, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचे, कागद माग, २०१७ च्या लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बँका याबाबत फार कडक झाल्यात.

एक्स्चेंज म्हणजे दोन वकिलांचा फोन, बस. आपल्यासारखं सबरजिस्ट्रारसमोर अंगठा, फोटो, दोन साक्षीदार असलं काही नाही, मला तर पहिल्यांदा वाटलं काहीतरी राहिलंच. त्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम जाते आणि यानंतर मागे फिरलास तर ती बुडते. घराचा विमा त्याच दिवसापासून घे, ताब्याच्या दिवसापासून नाही, कारण एक्स्चेंजनंतर घराची जोखीम बहुतेक वेळा तुझी. ताबा मग आठ-पंधरा दिवसांनी, पैसे पोचले की एजंटकडून चावी. वकिलाचा बँक नंबर बदलला असा मेल आला तर समज चोर आहे, तुझ्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचार. ऑफर ते चावी तीन-चार महिने धर, विकणाराही पुढे घर घेत असेल तर साखळी लागते आणि मग काही खरं नाही.

नावं कशी लावायची हेही वकील विचारेल. जॉइंट टेनंट म्हणजे एक गेला की सगळं आपोआप दुसऱ्याचं, टेनंट्स इन कॉमन म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा. तुझ्या वडिलांचे पैसे घालणार असशील तर हे घरात आधी बोलून घे, आणि ते कर्ज नाही भेट आहे असं त्यांच्या सहीचं पत्र लागेल. भारतातून त्यांना एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात.

आणि पैशांचा माग वकील अगदी मुळापासून काढतो, मनी लाँडरिंगचे नियम आहेत. फ्लॅट विकून पैसे आणलेस तर खरेदीखत, विक्रीखत, बँकेची स्टेटमेंटं सगळं मागेल. आमच्या शेजाऱ्यांचा इंडेक्स टू मराठीत, वकील म्हणाला हे काय आहे, मग सर्टिफाइड भाषांतरात तीन आठवडे गेले. तू येतानाच इंडेक्स टू, खरेदीखत आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट स्कॅन करून घे आणि भाषांतरं पुण्यातच करून आण, तिकडे बरंच स्वस्त पडतं.